शेवाळातले माईट आणि डेन्मार्कची मारीबाई

माईट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले ते अगदी बारके जीव, म्हटलं की गोव्यात कुणाचाच चेहरा खुलत नाही, आणि त्यात लोकांची काही चूक आहे असंही मला वाटत नाही. ज्यांचे माड आहेत त्यांना पहिला आठवतो तो माडाचा माईट. पाडेली वर चढतो, धडाधड नारळ खाली पडतात आणि बघावं तर देठाकडून तपकिरी भेगाळलेले, वाढ खुंटलेले, सोडण इतकं घट्ट चिकटलेलं की सोलणारा दोन शिव्या घालूनच हातात घेतो. हा प्राणी मुळात आपल्याकडचा नव्हेच, १९६५ साली मेक्सिकोतल्या गेरेरो भागातल्या नारळांवरून त्याचं पहिलं वर्णन झालं, भारतात केरळमध्ये १९९८ला सापडला आणि मग वाऱ्यावर पसरत पसरत सगळ्या किनारपट्टीवर आला. मग खरूज, तीही माईटमुळेच. घरातल्या गाद्या-उश्यांतले धुळीचे माईट, ज्यांच्यामुळे पावसाळ्यात निम्मं घर शिंकत असतं. आणि गोचीड, जी याच कुळातली. सत्तरी तालुक्यात राहणाऱ्यांना गोचीड म्हटलं की माकडतापच आठवतो, २०१५ साली वाळपईजवळच्या पाली गावात तो आला तेव्हाची भीती अजून लोकांच्या बोलण्यात आहे.

पण या बदनाम मंडळींच्या मागे एक भलीमोठी जमात अशी आहे जी कुणाच्या अध्यातही नसते आणि मध्यातही. ओरिबॅटिड माईट. शेवाळात, पातेऱ्यात, कुजक्या लाकडात, मातीच्या वरच्या बोटभर थरात राहतात, बुरशी आणि कुजलेली पानं खातात, कुणाला चावत नाहीत. बहुतेक सगळे मिलिमीटरपेक्षा लहान, काही तर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा दिसला तेव्हा मला तो पॉलिश केलेल्या चिंचोक्यासारखा वाटला, आठ पाय लावलेला. आजवर दहा हजारांहून जास्त प्रजातींना नावं दिली गेलीत, आणि जंगलातल्या चांगल्या मातीत एका चौरस मीटरमध्ये हे हजारोंनी, कधीकधी लाखाच्या वर असतात. म्हणजे तुम्ही कुळागरात पोफळीच्या बुडाशी उभे असाल तर तुमच्या दोन चपलांखालीच केवढी वस्ती आहे बघा.

मी झूऑलॉजीची. फोंड्याकडच्या एका हायर सेकंडरीत काही वर्षं लेक्चर बेसिसवर शिकवलं, दर जूनला परत अर्ज, परत इंटरव्ह्यू, परत तेच, आणि धाकट्याच्या वेळी घरी बसले ती बसलेच. लग्नानंतर सासरी कुळागर आहे, पाटाचं पाणी आहे, गडग्यावर पावसाळाभर हिरवंगार शेवाळ असतं, आणि माझ्याकडे कॉलेजच्या वेळेला घेतलेला एक सेकंडहँड मायक्रोस्कोप पडून होता, मग सुरू झालं. गडग्यावरचं शेवाळ खरवडून आणायचं, त्यातून माईट काढायचे आणि ओळखायचा प्रयत्न करायचा. सासूबाई सुरुवातीला विचारायच्या, "कितें सोदता गो त्या मातयेंत?" आता विचारत नाहीत, उलट परड्यातनं स्वतःच शेवाळाचा गोळा आणून चुलीजवळ ठेवतात, जिथे तो मुळीच ठेवू नये.

तर हे ओळखायचं काम करताना एक गंमत सतत दिसते. प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे, ज्याने पहिलं वर्णन केलं त्याचं आडनाव आणि साल लिहायची पद्धत असते. आणि ओरिबॅटिडच्या कुठल्याही यादीत बोट खाली सरकवत गेलं की हॅमर १९५२, हॅमर १९५८, हॅमर १९६१, हॅमर १९६२, हॅमर १९६६, हॅमर १९७२, हॅमर १९७९. संपतच नाही. कॅनडा, बोलिव्हिया, पेरू, चिली, न्यूझीलंड, फिजी, ताहिती, टोंगा, पाकिस्तान, जावा. एवढी भटकंती करायची तर मागे एखादं मोठं म्युझियम, हाताखाली पाचपन्नास माणसं, सरकारी पैसा असं काहीतरी असणार ना? नव्हतं. होती मारी हॅमर नावाची एक डॅनिश बाई, संसार सांभाळून घरीच मायक्रोस्कोप मांडून बसलेली.

मारीबाईचा जन्म १९०७चा, मृत्यू २००२चा, म्हणजे पंचाण्णवच्या घरातलं आयुष्य. शिक्षण कोपनहेगन विद्यापीठात. १९३०च्या दशकात ती पूर्व ग्रीनलंडला गेली, आणि ध्रुवप्रदेशातल्या मोहिमा म्हणजे दाढीवाल्या पुरुषांची मक्तेदारी असण्याचा तो काळ. बाकीचे लोक अस्वलं, सील, पक्षी, बर्फाची जाडी असल्या दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे, आणि हिने अंगमागसालिक आणि मिकिस फ्योर्ड या दोन ठिकाणची माती घेतली. नुसती घेतली नाही, ठराविक आकाराचे तुकडे कापून कुठल्या झाडोऱ्याखाली कुठले आणि किती सूक्ष्म प्राणी आहेत याची मोजदाद केली. १९३७ला तो अभ्यास छापून आला. आज परिसंस्थेवर काम करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, मोजल्याशिवाय कुणी पेपर घेतच नाही, पण तेव्हा मातीतल्या किड्यांची अशी संख्येत नोंद ठेवणं म्हणजे वेगळंच होतं. मग १९४४ला ग्रीनलंडच्या ओरिबॅटिड आणि कोलेम्बोला, म्हणजे उड्या मारणारे ते बारके स्प्रिंगटेल, यांच्यावर मोठा ग्रंथ. साल बघा, डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं.

ग्रीनलंडचं नाव निघालं की आणखी एका माणसाची आठवण येते. आल्फ्रेड वेगेनर. खंड सरकतात हे १९१२ साली भाषणात आणि १९१५ साली पुस्तकात सांगणारा जर्मन हवामानशास्त्रज्ञ, ज्याला भूगर्भवाल्यांनी जवळजवळ हसण्यावारी नेला. तो १९३०च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरच वारला, बर्फाच्या मधोमध असलेल्या तळावर सामान पोचवून परत येताना. त्याच बेटावर थोड्याच वर्षांनी एक तरुण बाई शेवाळ गोळा करत होती, आणि पुढे तिचे ते माईट वेगेनरच्याच बाजूने साक्ष द्यायला उभे राहणार होते. कादंबरीत असं लिहिलं तर लोक म्हणतील फारच जुळवून आणलंय.

मारीबाईचा नवरा ओले हॅमर, तोही किड्यांचाच माणूस. कुरणातली गुरं आणि त्यांच्या शेणावरच्या माशा यावर त्याचा १९४१चा मोठा अभ्यास आहे. आता विचार करा, नवरा शेणावरच्या माशा बघतोय, बायको शेवाळातले माईट. जेवणाच्या टेबलावर काय बोलत असतील देव जाणे, पण निदान 'हे काय घाण घरात आणलंस' असं तरी कुणी कुणाला म्हणत नसणार, आणि हे सुख थोडंथोडकं नाही, अनुभवाने सांगते. मुलं झाली, संसार वाढला. विद्यापीठात किंवा म्युझियममध्ये कायमची नोकरी अशी तिला कधी नव्हती, फंडांकडून मिळतील ते पैसे घ्यायचे, प्रवास करून नमुने आणायचे आणि मग वर्षानुवर्षं घरी बसून ते निवडायचे, काढायचे, लिहायचे.

इथे मला दुसरी एक माईटवालीच बाई आठवते, तिच्याबद्दल तर फारच कमी लिहिलं जातं. सुझन फिनेगन, जन्म १९०३. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने तिला १९२७च्या सुमारास घेतलं, कायम वैज्ञानिक स्टाफवर आलेली ती तिथली पहिली बाई. कोळी आणि माईट यांचा विभाग तिच्याकडे. सापाच्या अंगावर राहणाऱ्या एका विचित्र माईटचं वर्णन तिने केलेलं आहे. १९३६ साली तिने लग्न केलं, त्याच म्युझियममधल्या खनिजशास्त्राच्या वॉल्टर कॅम्पबेल स्मिथशी, आणि नोकरी गेली. कुणी काढलं म्हणून नाही, नियमच तसा होता, ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसमध्ये बाईने लग्न केलं की राजीनामा. हा नियम १९४६पर्यंत होता. नवऱ्याची नोकरी अर्थातच चालू. आणि आपण नाक मुरडायचं कारण नाही, आपल्या परराष्ट्र सेवेतही बाईला लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागायची, १९७९मध्ये सी. बी. मुथम्मांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने कान उपटले तेव्हा कुठे ते प्रकरण चव्हाट्यावर आलं.

म्हणजे फिनेगनकडे खुर्ची होती म्हणून ती काढून घेता आली. मारीबाईकडे खुर्चीच नव्हती तर काढणार काय? मला हे कौतुकाने सांगायचं नाहीये हां. 'बघा घरी बसूनही किती केलं' असं म्हणणारे काका प्रत्येक लग्नकार्यात भेटतात आणि त्यांना हे असलं उदाहरण हातात मिळालं तर विचारायलाच नको. पगार न घेता कुणी चाळीस-पन्नास वर्षं जागतिक दर्जाचं काम केलं यात तिचा मोठेपणा आहेच, पण ज्यांनी तिला पगार दिला नाही त्यांचा काय मोठेपणा? तिचे ग्रंथ छापले कुणी तर डॅनिश रॉयल अकादमीने, चांगल्या जाड कागदावर. छापायला लायक, नेमायला नाही!

बरं आता कामाबद्दल, कारण हे काम नक्की काय असतं ते कळल्याशिवाय 'शेकडो प्रजातींचं वर्णन केलं' या वाक्याचं वजन कळत नाही.

माती किंवा शेवाळ आणलं की त्यातून माईट वेचता येत नाहीत, डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यासाठी एक साधं यंत्र आहे, मूळ कल्पना इटलीच्या अँतोनिओ बर्लेसेची, १९०५ची, तो नरसाळ्याभोवती गरम पाणी वापरायचा. १९१८ला स्वीडनच्या टुलग्रेनने त्यात गरम पाण्याच्या जागी विजेचा दिवा लावला. नरसाळं, त्यात जाळी, जाळीवर माती, वरून बल्ब, खाली अल्कोहोलची बाटली. वरून माती सुकत जाते, प्राणी ओलाव्याच्या शोधात खाली खाली सरकतात आणि शेवटी जाळीतून टपकन बाटलीत. माझं नरसाळं म्हणजे दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग उलटा करून आणि मच्छरदाणीचा तुकडा. बल्ब मात्र जुना पिवळा लागतो, एलईडी तापत नाही त्यामुळे माईट आरामात वरच बसून राहतात. असा पिवळा बल्ब आता म्हापशाच्या बाजारात शोधत फिरावं लागतं. दीर म्हणाला अल्कोहोल कशाला विकत घेतेस, घरात फेणी आहे. फेणीत अल्कोहोल बेचाळीस-त्रेचाळीस टक्के, इथे लागतं सत्तरच्या वर, त्यामुळे फेणी वाचली.

मग बाटलीतला गाळ बशीत ओतायचा आणि बारीक ब्रशने एकेक माईट वेगळा करायचा. ओरिबॅटिडचं कवच काळपट-तपकिरी, आरपार काही दिसत नाही, म्हणून लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवून पारदर्शक होऊ द्यायचा, खोलगट स्लाइडवर घ्यायचा, सुईने आडवा-उताणा करायचा. मग केस मोजायचे. खरंच केस. पाठीवर किती, कुठे, लांब की आखूड, गुळगुळीत की काटेरी. डोक्याच्या दोन बाजूंना खळगे असतात आणि प्रत्येकातून एक खास केस बाहेर आलेला असतो, हवेची हालचाल कळण्यासाठी, त्याचा आकार कुठे गदेचा, कुठे भाल्याचा, कुठे नुसता धागा. हे सगळं बघून हाताने चित्र काढायचं. मारीबाईच्या ग्रंथांत शेवटी पानंच्या पानं अशी चित्रं आहेत, शाईने काढलेली, एकेक केस जागच्या जागी. आज माझ्या गडग्यावरचा माईट ओळखायला मी त्याच पद्धतीच्या चित्रांशी ताडून बघते. डीएनए वगैरे आता आलंय, पण चित्राशिवाय अजूनही कुणाचं पान हलत नाही.

एका नमुन्यातून निघणार काही डझन प्रजाती आणि शेकडो जीव. असे देशोदेशीचे नमुने. घरात मुलं. मी एका गडग्यावर अडकलेय.

तर ग्रीनलंडनंतर ती उत्तर कॅनडाकडे वळली, त्यावरचा ग्रंथ १९५२चा, मग अलास्काचे माईट १९५५ला. उत्तर ध्रुवाभोवतीचं चित्र बरंचसं हाती आल्यावर एखादा माणूस म्हणाला असता पुरे झालं. हिने अख्खा ग्लोब उलटा केला आणि दक्षिणेकडे गेली. अँडीज पर्वत. पहिला भाग अर्जेंटिना आणि बोलिव्हिया, १९५८. तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती, आणि गोवा अजून पोर्तुगीजांच्या हाताखाली होता, म्हणजे आपल्याकडे कुणी मातीतले माईट मोजायचा विचारही करत नसणार. दुसरा भाग पेरू, १९६१. पुढे चिली, पाठोपाठ पाताळाच्या टोकाचं पॅटागोनिया.

आणि त्यानंतर न्यूझीलंड. इथे खरी मजा आहे.

न्यूझीलंडच्या जंगलातल्या पातेऱ्यातून जे माईट निघाले त्यांत बऱ्याच जणांची जवळची भावंडं तिला आधीच भेटलेली होती. कुठे? चिलीत, पॅटागोनियात. मध्ये अख्खा पॅसिफिक महासागर. ओरिबॅटिडला पंख नसतात. तो हळू चालतो, हळू वाढतो, थंड प्रदेशातल्या काही जातींना अंड्यातून प्रौढ व्हायला वर्षानुवर्षं लागतात. जन्मला त्या शेवाळापासून काही हातांवर मरतो. बऱ्याच जणांना थोडं कोरडं पडलं तरी सोसत नाही. मग चिलीतला नातेवाईक न्यूझीलंडमध्ये कसा? एकतर तो समुद्र ओलांडून गेला, किंवा मग समुद्रच नंतर मधे आला.

वेगेनर हेच म्हणत होता. त्याने स्वतःच्या पुस्तकात गांडुळांचा दाखला घेतला होता, हॅम्बुर्गच्या मिखाएल्सेनने गांडुळांचे नकाशे केले होते त्यावरून, कारण गांडूळही पोहून खंड बदलत नाही. मारीबाईने तोच प्रश्न हजार पटीने बारीक प्राण्याला विचारला. दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे सगळे एकेकाळच्या गोंडवन नावाच्या एकाच महाखंडाचे तुकडे, आणि माईट आपापल्या तुकड्यावर बसून राहिले, जमीनच त्यांना घेऊन गेली. काळ बघा, ती अँडीजमध्ये हिंडत होती तेव्हा खंड सरकतात म्हणणं म्हणजे स्वतःची टिंगल करून घेणं होतं. तिचे न्यूझीलंडचे भाग १९६६ ते १९६८मध्ये छापले गेले तोवर समुद्रतळ पसरतो हे भूगर्भवाल्यांनी चुंबकीय पट्ट्यांवरून दाखवलं होतं आणि वारं फिरलं होतं.

आता इथे कुणीही शहाणा वाचक विचारेल, आणि विचारायलाच हवं, की तुझा तो माडाचा माईट मेक्सिकोहून केरळला आला ना, मग हे कसे नाही येणार? प्रश्न अगदी बरोबर आहे. माडाचा माईट वेगळ्या कुळातला, अळीच्या आकाराचा, चारच पाय, वजन जवळजवळ नाहीच, वाऱ्याने सहज उडतो आणि वर माणसं रोपं-नारळ इकडून तिकडे नेतातच. पण ओरिबॅटिडमध्येसुद्धा काही महाभाग जगभर पसरलेले आहेत. ओप्पिएल्ला नोव्हा घ्या, टेक्टोसेफियस व्हेलाटस घ्या, कुठल्याही खंडावर माती उचला, बहुतेक मिळणारच. त्यातल्या कित्येकांना नराचीही गरज नसते, एक मादी पोचली की पुरे. म्हणजे 'माईट हलतच नाहीत' असं सरसकट म्हणता येत नाही.

मला आवडतं ते हे, की मारीबाई यानंतर फिजीला गेली, ताहितीला गेली, टोंगा आणि सामोआचे नमुने केले. ताहिती हे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचं बेट, भूगर्भाच्या हिशोबाने अगदीच कोवळं, कुठल्याही खंडाला कधी जोडलेलंच नव्हतं. तिथे जो माईट आहे तो झाडून बाहेरून आलेला, वाऱ्याने, ओंडक्यावर बसून, पक्ष्याच्या पायाला, होडीतल्या रोपांच्या मातीतून, कसाही. म्हणजे कोण प्रवास करू शकतो याची यादी तिथे आयती मिळते, आणि त्या यादीत जे नाहीत पण चिली आणि न्यूझीलंड दोन्हीकडे आहेत, त्यांनाच पुराव्याला उभं करायचं. प्रयोगशाळेत जसं एक भांडं काही न घालता बाजूला ठेवतात, तसं इथे एक अख्खं बेट. १९७९ साली जॉन वॉलवर्क या ब्रिटिश शास्त्रज्ञाबरोबर तिने सगळ्या जगातल्या ओरिबॅटिडच्या वाटपाचा खंडांच्या सरकण्याशी मेळ घालणारा आढावा छापला. तेव्हा ती बहात्तर वर्षांची.

त्या आढाव्यातलं सगळंच आज जसंच्या तसं धरत नाहीत. पसरलेल्या जातींबद्दल आता जास्त कळलंय, एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या जाती लपलेल्याही निघतात. पण तिच्या बाजूने एक गोष्ट पक्की आहे, ती म्हणजे या प्राण्यांचं वय. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआच्या खडकात ओरिबॅटिडचे जीवाश्म मिळालेत, डेव्होनियन काळातले, अडतीस कोटी वर्षांच्या आसपासचे. गोंडवन फुटलं त्याच्या कितीतरी आधी ही मंडळी जमिनीवर होती. तुकडे होताना ती त्यांच्यावर बसलेली होती यात वादच नाही, वाद आहे तो नंतर कोण किती हललं याचा.

आणि गोंडवन म्हटलं की ते फक्त चिली-न्यूझीलंडचं घरगुती प्रकरण नाही. आपला सह्याद्री त्याच तुकड्यांपैकी एक. मादागास्कर आपल्यापासून सुटलं त्याला साधारण आठ कोटी ऐंशी लाख वर्षं झाली, त्या फाटाफुटीच्या वेळचा लाव्हा इथून खाली माल्पेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर खांबांच्या रूपात उभा आहे, आपले लोक तिथे सेल्फी काढायला जातात. नंतर सेशेल्स सुटलं. २००३मध्ये केरळच्या इडुक्कीत जांभळा बेडूक सापडला त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सेशेल्समध्ये निघाले. आपल्या देवगांडुळांचंही तेच. बिनपायाचे, मातीत राहणारे, लोक साप समजून ठेचतात ते. २००७ला त्यातल्या एका जातीला गोव्याचंच नाव मिळालं, गेगेनिओफिस गोएन्सिस. यांचेही भाऊबंद सेशेल्सच्या मातीत आहेत. बेडकाची आणि देवगांडुळाची एवढी चर्चा झाली, वर्तमानपत्रात फोटो आले, आणि त्यांच्या पोटाखालच्या त्याच मातीतले माईट? त्यांना फोटोजेनिक नसल्याची शिक्षा.

घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात की याचा उपयोग काय. थोडक्यात सांगते. पोफळीची झावळी पडली की तिची माती होते ती काही आपोआप नाही, बुरशी आणि जिवाणू काम करतात आणि हे माईट पानं कुरतडून आणि बुरशी एकीकडची दुसरीकडे नेऊन ते काम पुढे ढकलतात. गाई-बकऱ्यांच्या पोटात मोनिएझिया नावाचा पट्टकृमी होतो तो गवताबरोबर पोटात गेलेल्या ओरिबॅटिडमधूनच जातो, हे १९३७ला अमेरिकेत सिद्ध झालं. आणि दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांच्या कातडीतलं विष बऱ्याच अंशी त्यांनी खाल्लेल्या माईटमधून येतं. एवढं सांगितलं की पाहुणे चहा घेतात.

मारीबाईने ताहितीनंतर काही मायक्रोस्कोप झाकून ठेवला नाही. वायव्य पाकिस्तानच्या ओरिबॅटिडवरचं काम १९७७ला आलं, जावाचं १९७९ला, म्हणजे सत्तरीच्या पुढेमागे ती आपल्या उशाला आणि पायथ्याला दोन्हीकडे येऊन गेली. हंगेरीच्या बालोगने माईटच्या एका वंशाला तिच्यावरून हॅमरेला नाव दिलंय. विकिपीडियावर मराठीत तिचं पान नाही, मी लिहायला घेतलंय, हळूहळू होईल.

तूर्त माझा हिशोब असा आहे की पाऊस लागला की चोर्ला घाटात वर जाऊन एक पिशवी पातेरा आणायचा आणि दुसरी पिशवी काणकोणला खाली समुद्राकाठच्या माडांखालची. घाटावर जे आहेत आणि किनाऱ्यावर नाहीत ते कोण, एवढंच बघायचंय. नवऱ्याची अट आहे की ओली माती डिकीत ठेवायची, सीटवर नाही. परवाची पिशवी सीटवर फुटली होती.